कच्चं लायसन्स, पक्कं लायसन्स आणि मधले तीस दिवस

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली.



दिल्लीत बसून एखाद्या केंद्रीय मंत्र्याला मराठीतून पत्र लिहावं आणि ते भाषांतराशिवाय वाचलं जाईल अशी आशा धरावी, असे योग फार येत नाहीत. आपल्यामुळे तो आला आहे. शिवाय आपण नागपूरचे आणि मीही नागपूरची. लग्नानंतर दिल्लीला आले, ती मयूर विहारमध्येच रुजले. पत्राचा विषय आपल्या खात्याचा आहे, पण सुरुवात नागपूरपासून करते.

1989 च्या जुलैमध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याच वर्षी मला सोळावं पूर्ण झालं. घरात वडिलांची लूना होती. धरमपेठेतून अंबाझरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सहाला मी लूनावर पुढे आणि वडील सायकलवर मागे, अशी आमची वरात निघायची. मी वेग वाढवला की मागून घंटी वाजायची. घंटी ऐकू येईनाशी झाली म्हणजे मी फार पुढे गेले, असा हिशेब होता. दोन महिने हे चाललं. मग वडील मला आरटीओत घेऊन गेले, पालक म्हणून अर्जावर सही केली आणि मला लायसन्स मिळालं. सोळाव्या वर्षी, कायद्याला धरून, 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी.

ते कलम आजही कायद्यात आहे. बाजारात गाडी मात्र नाही. 50 सीसीची पेट्रोल स्कूटर आज शोधून सापडत नाही. दुकानात मिळते ती 110 किंवा 125 सीसीची आणि ती चालवायला अठरा पूर्ण लागतात. 7 फेब्रुवारी 2024 रोजी आपण दिल्लीत ई-लूनाचं अनावरण केलंत, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली. एकदा जुन्या आठवणींसाठी आणि दुसऱ्यांदा एका प्रश्नासाठी. विजेच्या मोटरला सीसी नसतात. मग सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी आज कोणत्या गाडीवर, कोणत्या लायसन्सवर शिकवायचं?

हा प्रश्न माझ्या घरात 2022 साली उभा राहिला. चिरंजीव सोळा वर्षांचे झाले. अकरावी, लक्ष्मीनगरला शिकवणी, संध्याकाळची मेट्रोतली गर्दी. वर्गातल्या निम्म्या मुलांकडे स्कूटर. त्या स्कूटर दोन प्रकारच्या. पहिला प्रकार आई-वडिलांच्या नावावरची साधी पेट्रोल स्कूटर, जी चालवणं त्या वयात सरळ सरळ बेकायदा. दुसरा प्रकार बॅटरीची, 250 वॅटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न जाणारी. ही दुसरी गाडी आपल्या नियमांनुसार मोटार वाहनच नाही. तिला नंबर प्लेट नाही, नोंदणी नाही, लायसन्स नाही, हेल्मेटची सक्ती नाही, वयाचीही अट नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी मुलापुढे दोनच वाटा. एका वाटेवर कायदा त्याला गुन्हेगार ठरवतो, दुसऱ्या वाटेवर कायद्याला तो दिसतच नाही. शिकाऊ म्हणून त्याला कुणी हाताशी धरावं, अशी तिसरी वाट नाही.

आम्ही काय केलं ते कबूल करते, नाहीतर पुढचं सगळं ढोंग ठरेल. आम्ही त्याला स्कूटर दिली, 'फक्त सोसायटीच्या आत' या अटीवर. दिल्लीतल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात ही अट असते आणि प्रत्येक सोसायटीला फाटक असतं. एका दुपारी तो पलीकडे नोएडाच्या बाजारात दिसल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. त्या रात्री घरात मोठा आवाज झाला. किल्ली कपाटात गेली. पण खरं सांगायचं तर मला राग त्याच्यापेक्षा स्वतःचा आला होता. मी त्याला गाडी दिली होती. वडिलांनी मला दिले होते तसे दोन महिने दिले नव्हते.

आता कायद्याकडे येते. 2019 च्या दुरुस्तीनं 199-ए हे कलम आलं आणि 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला हे कलम मान्य आहे. किल्ली देणारा हात मोठ्या माणसाचाच असतो.

पण हे कलम अपघात झाल्यावर जागं होतं. आणि गेल्या काही वर्षांत ज्या दोन घटनांनी दिल्ली आणि पुणे हादरलं, त्यांची चर्चा ऐकताना मला सारखं वाटत राहिलं की आपण सगळे एकाच गोष्टीवर बोट ठेवतोय आणि दुसरी तशीच सुटतेय.

पहिली घटना 4 एप्रिल 2016 ची, दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधली. मर्सिडीज चालवणाऱ्या मुलानं रस्ता ओलांडणाऱ्या 32 वर्षांच्या तरुणाला उडवलं. मुलाला अठरा पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. त्या चार दिवसांवर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 9 जानेवारी 2020 च्या निकालानं त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालणार नाही हे ठरलं. भरपाईचा निकाल यायला जुलै 2024 उजाडला. अपघात दावा न्यायाधिकरणानं कुटुंबाला सुमारे 1.98 कोटी रुपये मंजूर करताना बापानं मुलाला रोखलं नाही, यावरही बोट ठेवलं. दुसरी घटना 19 मे 2024 च्या पहाटेची, पुण्याच्या कल्याणीनगरमधली. पोर्शे, सतरा वर्षांचा मुलगा, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते जागीच ठार. मग काही तासांत जामीन, तीनशे शब्दांचा निबंध, ससून रुग्णालयातली रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल, हे सगळं आपल्याला पाठ आहे. तिथेही प्रौढ की अल्पवयीन हा वाद चालला आणि जुलै 2025 मध्ये बाल न्याय मंडळानं त्याला प्रौढ मानायला नकार दिला. तो मुलगा अठरा पूर्ण होण्यापासून काही महिने दूर होता.

एकीकडे चार दिवस, दुसरीकडे काही महिने. न्यायालयात या अंतराला अर्थ आहे, असायलाच हवा. पण रस्त्याला त्याचा काय अर्थ? समजा तो दिल्लीचा मुलगा चार दिवसांऐवजी चार महिन्यांनी मोठा असता. लायसन्स मिळवण्यात त्याला अडचण काहीच नव्हती. खिशात लायसन्स असतं, हात तेच असते, डोळे तेच असते, गाडी तीच असती. अठरावा वाढदिवस हा ड्रायव्हिंगचा धडा नव्हे. 'याचं वय किती' हे आपण सगळ्यांनी विचारलं. 'हा शिकला कुठे, किती दिवस, कुणाच्या शेजारी बसून' हे कुणीच विचारलं नाही. कारण विचारलं असतं तरी उत्तर देणारा कागद या देशात अस्तित्वात नाही.

माझ्या मुलाचाही असा कागद नाही, आणि त्यानं तर सगळं नियमानं केलं. 2024 च्या हिवाळ्यात त्याला अठरा पूर्ण झाली. आमच्या नागपूरकडे म्हणतात तसं आधी 'कच्चं' लायसन्स काढलं, मग 'पक्कं'. तो प्रवास कसा झाला ते सांगते, कारण हे सगळं कागदावर निर्दोष आहे.

कच्चं लायसन्स घरबसल्या निघालं. दिल्ली सरकारनं ऑगस्ट 2021 मध्ये परिवहन विभागाच्या सेवा ऑनलाइन केल्या तेव्हा आयपी इस्टेटच्या कार्यालयाला टाळं ठोकल्याचे फोटो छापून आले होते. रांग गेली, दलालाचं काम कमी झालं, याचा मला आनंदच आहे. कॅमेऱ्यासमोर बसून चिन्हं ओळखायची, साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. चिरंजीव आंघोळीआधी बसले आणि आंघोळीआधीच उठले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं आधी विचारलं होतं, 'बच्चे को बैठाना है या मैं करवा दूँ?' मी मुलालाच बसवलं. पण त्यानं ते किती सहज विचारलं, ते विसरता येत नाही. देशातली तीस टक्के लायसन्सं बोगस आहेत असं आपण स्वतः अनेकदा जाहीरपणे म्हणाला आहात. त्या टक्केवारीची सुरुवात अशा दुकानांतून होत असावी.

मग ड्रायव्हिंग स्कूल. खासगी गाडीच्या लायसन्ससाठी स्कूलचा दाखला कायद्यानं लागत नाही, पण आम्ही म्हटलं, शिकू दे नीट. पंधरा दिवस, रोज अर्धा तास. छपरावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच, पुढेमागे लाल 'एल'. अर्ध्या तासातली दहा मिनिटं सिग्नलवर आणि पाच मिनिटं आधीच्या मुलाला घरी सोडण्यात जायची. पंधरा दिवसांचे साडेसात तास, त्यातले चाकावरचे निम्मेच. तिसऱ्याच दिवशी उस्ताद मला म्हणाले, 'मैडम, टेंशन मत लो, ट्रैक निकलवा देंगे.' त्यांचा शब्द खरा होता. त्यांनी ट्रॅक शिकवला. रस्ता शिकवायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ट्रॅक मात्र चोख आहे. दिल्लीचे स्वयंचलित चाचणी ट्रॅक ही मान्य करण्यासारखी सुधारणा आहे. कॅमेरे आणि संगणक गुण देतात, इन्स्पेक्टरची मर्जी राखावी लागत नाही. आठ काढायचा, उलटा 'एस' काढायचा, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावायची, चढावर थांबून मागे न घसरता निघायचं, सिग्नल पाळायचा. चिरंजीवांनी सगळं पहिल्याच फटक्यात केलं. कच्चं लायसन्स निघाल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्याची चाचणी देता येते. त्याला पस्तीस लागले. आम्ही पेढे वाटले.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि आम्ही अक्षरधामच्या दिशेनं निघालो. रस्ता मोकळा होता. समोर एक बस थांब्यापासून हातभर लांब, रस्त्यातच उभी राहिली. चिरंजीवांनी तिच्या उजवीकडून गाडी काढायला घेतली. वेग फार नव्हता. बसच्या तोंडापुढून एक माणूस डबा हातात घेऊन पलीकडे निघाला. मुलाचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी होऊन थांबली, त्या माणसापासून दोन पावलांवर. त्यानं आमच्याकडे पाहिलं, हात वर केला आणि निघून गेला. दिल्लीत असं रोज होतं, म्हणून त्याला त्याचं काही वाटलंही नाही.

मुलगा पांढराफटक पडला होता. म्हणाला, 'आई, तो मध्येच आला.'

मी म्हटलं, 'मध्येच नाही आला रे. बस थांबली की तिच्या पुढून माणूस येतोच.'

एवढं एक वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ना उस्तादांनी, ना परीक्षेतल्या चिन्हांनी, ना ट्रॅकनं. ट्रॅकवर बस नसते. ट्रॅकवर उलट्या बाजूनं येणारा स्कूटरवाला नसतो, मधूनच वळणारी ई-रिक्षा नसते, लग्नाची वरात नसते, रात्री अकरानंतर शहरात शिरणारे ट्रक नसतात आणि जानेवारीचं धुकं नसतं. मुख्य म्हणजे ट्रॅकवर पायी चालणारा माणूस नसतो. आणि दिल्लीच्या रस्त्यांवर जे मरतात त्यांत सर्वांत मोठा वाटा पायी चालणाऱ्यांचाच आहे. 2022 साली या शहरात 1,461 माणसं रस्त्यावर गेली, हा आपल्याच मंत्रालयाच्या अहवालातला आकडा. त्याच वर्षी देशभरात 1,68,491. त्यांतली 9,528 अठरा वर्षांखालची. या शेवटच्या आकड्यातली सगळी मुलं काही गाडी चालवत नव्हती. कित्येक जण रस्ता ओलांडत असतील, कित्येक जण कुणाच्या तरी मागे बसलेली असतील. म्हणून हे पत्र केवळ चाकामागच्या मुलांसाठी नाही. चाकामागचं मूल कच्चं राहिलं तर त्याची किंमत चाकापुढचं मूल मोजतं.

डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत आपण मोकळेपणानं कबूल केलंत की अपघात निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट तर दूरच, उलट ते वाढले आणि परदेशांतल्या परिषदांमध्ये हा विषय निघाला की आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं. आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला झालेल्या अपघाताचाही उल्लेख आपण केलात. मंत्री असं बोलत नाहीत. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिण्यात अर्थ आहे असं वाटलं.

आमच्या भागाची एक गंमत सांगते. चिल्ला ओलांडलं की नोएडा, म्हणजे उत्तर प्रदेश. तिथे लायसन्स एआरटीओ देतं. दिल्लीत परिवहन विभागाची विभागीय कार्यालयं देतात. गुरुग्रामला, हरियाणाच्या पद्धतीप्रमाणे, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं लागतं. चिरंजीवांच्या शिकवणीच्या एका बॅचमध्ये तिन्हीकडची मुलं. राज्यं तीन, दारं तीन, पण लायसन्स एकदा हातात आलं की ते सगळ्यांचं सारखंच आणि रस्ताही सगळ्यांचा एकच. ज्या दारातून आत जाणं सर्वांत सोपं, ते दार जितकं भक्कम तितकाच आमचा रस्ता सुरक्षित. राज्यांचा विषय आहे असं म्हणून सुटता येणार नाही, कारण कायदा आणि नियम दिल्लीतून, आपल्या परिवहन भवनातून निघतात.

माझी भाची सिडनीत वाढली. तिथे, न्यू साउथ वेल्स राज्यात, पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ मुलाला 120 तास गाडी चालवल्याची नोंद वहीत किंवा फोनवर दाखवावी लागते, त्यातले 20 तास रात्रीचे. शेजारी बसलेला मोठा माणूस प्रत्येक फेरीची सही करतो. चाचणी पास झाली की पक्कं लायसन्स मिळत नाही. आधी लाल 'पी'ची पाटी, मग हिरव्या 'पी'ची. त्या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही, आणि लाल पाटी असेपर्यंत रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकवीस वर्षांखालचा एकच मित्र गाडीत बसवता येतो. भाचीची ती वही मी पाहिली आहे. पावसातली फेरी, बाजारातली फेरी, मावशीला विमानतळावरून आणलं ती फेरी. त्या मावशीच्या, म्हणजे माझ्या, नावापुढे तिच्या वडिलांची सही. मला ती वही पाहून वडिलांच्या सायकलची घंटी आठवली. त्या देशानं आमच्या घंटीचा कायदा केला होता.

आपल्याकडे सिडनी आणा, असं मी म्हणत नाही. आपल्या खात्यानं 2021 मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले, त्यात हलक्या वाहनासाठी 29 तासांचा अभ्यासक्रम आहे, आठ तास वर्गात आणि 21 तास चाकावर. म्हणजे साडेसात तास पुरे नाहीत हे आपल्याच कागदानं मान्य केलेलं आहे. फक्त तो अभ्यासक्रम ऐच्छिक आहे आणि तो पुरा करणाऱ्याला चाचणीतून सूट, असं त्याचं बक्षीस. मला उलटं वाटतं. शिकणं सक्तीचं हवं आणि चाचणी सगळ्यांनाच हवी.

इथे एक शंका कुणीही काढेल, आणि ती रास्त आहे. गाडीवाल्या घरांनी 120 तासांच्या गोष्टी कराव्यात; ज्याच्या घरात गाडीच नाही त्यानं काय करायचं? आमच्या दाराशी रोज किराणा घेऊन येणाऱ्या एका मुलाला मी विचारलं होतं, 'गाडी कुठे शिकलास?' तो म्हणाला, 'मामा की बाइक पर, गाँव में.' दिल्लीत लायसन्स हे त्याच्यासाठी हौस नव्हे, रोजगाराचा दाखला आहे. चाचणीला गाडी स्वतःची घेऊन जावी लागते. त्यानं ती कुणाकडून तरी मागून नेली होती. उद्या आपण नियम कडक केले आणि शिकण्याची सोय केली नाही, तर पहिला बाहेर फेकला जाईल तो हा मुलगा. त्याच्या जागी बिनलायसन्सचा दुसरा येईल. म्हणून माझ्या मागण्या गाडीवाल्यांसाठी नाहीत. मागण्या चार आहेत.

एक, एकवीस वर्षांखालच्या प्रत्येकासाठी कच्च्या लायसन्सचे तीस दिवस सहा महिन्यांवर न्या. कच्चं लायसन्स आजही सहा महिने चालतंच. तेवढा काळ खरोखर शिकण्यात जावा. निदान चाळीस तासांची नोंद लायसन्सच्या 'सारथी' पोर्टलवर व्हावी, त्यातले काही रात्रीचे. शेजारी बसणाऱ्या पालकाची किंवा शिक्षकाची सही आणि जबाबदारी त्या नोंदीखाली असावी. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सरकारी शाळांच्या अकरावी-बारावीत मान्यताप्राप्त केंद्राचे तास फुकट असावेत, आणि चाचणीसाठी ट्रॅकवरच सरकारी स्कूटर आणि गाडी मिळावी.

दोन, चाचणी ट्रॅकवर संपू नये. ब्रिटनमध्ये 2002 पासून लेखी परीक्षेच्या जोडीला रस्त्याची चित्रफीत दाखवून 'धोका कुठे दिसतो' हे विचारतात. आपल्याकडे चित्रफिती करायला दिल्लीसारखं शहर नाही. ती थांबलेली बस, तिच्या पुढून निघालेला डबेवाला माणूस, त्याच्याआधी ब्रेकवर गेलेला पाय. एवढं पाहिल्यावरच पुढची दहा मिनिटं खऱ्या रस्त्यावर चाचणी व्हावी.

तीन, पक्कं लायसन्स मिळाल्यावरचं पहिलं वर्ष हे सवलतीचं नव्हे, सांभाळून चालवण्याचं वर्ष असावं. या वर्षात रात्री उशिरा समवयस्क मित्रांनी भरलेली गाडी नको, मद्याची मुभा शून्य. आज कायदा सगळ्या चालकांना 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत सूट देतो. दिल्लीत दारू प्यायचं कायदेशीर वय पंचवीस आहे; मग अठराच्या चालकाला ही सूट कशासाठी?

चार, सोळा ते अठरा या दोन वर्षांचा निकाल एकदाचा लावा. 2018 साली या वयाच्या मुलांना विजेच्या स्कूटरचं लायसन्स द्यावं, असा विचार आपणच मांडला होता. 50 सीसीचं कलम वेगाच्या मर्यादेत लिहा, मुलांना त्या वेगापर्यंतच्या विजेच्या गाडीचं कच्चं लायसन्स द्या, हेल्मेट सक्तीचं करा. आणि आज नोंदणीच नसलेल्या 25 किलोमीटरवाल्या गाड्यांनाही निदान वयाची अट आणि हेल्मेट लावा. मूल सोळाव्या वर्षी रस्त्यावर येणारच आहे, आमच्या वेळीही आलं होतं. ते कायद्याच्या नजरेआड येऊ नये, एवढंच.

यातलं काही करताना पालक ओरडतील. 'सहा महिने कुणाला वेळ आहे', 'मुलाला कॉलेजला कसं पाठवू', 'आमच्या वेळी कुठे होतं'. मी त्या पालकांपैकीच एक आहे, म्हणून त्यांना उत्तरही माझंच घ्या. आमच्या वेळी होतं. कुणाच्या वडिलांची सायकल होती, कुणाच्या मामाची बाइक होती, कुणी तरी मागे होतं. आता गाड्या जड झाल्या, रस्ते सहापदरी झाले, मुलं एकटी झाली आणि आम्ही किल्लीला 'वाढदिवसाची भेट' म्हणू लागलो. शिकवण्याचं काम आम्ही उस्तादांवर सोपवलं, उस्तादांनी ट्रॅकवर सोपवलं आणि ट्रॅकनं ते संगणकावर सोपवलं. संगणकानं पास केलं.

त्या रविवारनंतर मी आणि चिरंजीवांनी एक वही घातली आहे. प्रत्येक फेरीला तारीख, वेळ, कुठून कुठे, काय चुकलं. तिचे चौपन्न तास झाले आहेत. धुक्याच्या फेऱ्या दोनच. त्यातल्या एकीत आम्ही दहा मिनिटांत परत फिरलो, आणि त्या निर्णयाखाली मी सही केली आहे. ही वही कुठल्याही कार्यालयात दाखवायची नाही. तिला कायद्यात जागा नाही. जागा द्यायचं काम आपलं आहे.

आपल्या 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. माझ्या मुलाला साडेसात तासांची शिकवणी आणि काही मिनिटांच्या ट्रॅकवर जे मिळालं, ते बावीस वर्षं चालेल. बावीस वर्षं चालणाऱ्या कागदासाठी सहा महिने शिकायला सांगा. लोक कुरकुर करतील आणि ऐकतील.

आपली,
मयूर विहारात राहणारी, मूळची धरमपेठेची एक आई